क्रुपिकाच्या ज्यूरीचं जेवण

टोलिव्हर काउंटी, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर २००९

प्रिय ऑर्व्हिल यांस,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. डोरीनला माझी आठवण सांगा. तुमच्या जागी आलेला नवा बेलिफ "सर्वांनी उभे राहा" इतकं पुटपुटत म्हणतो, की निम्मे लोक बसूनच राहतात.

आता खरं कारण लिहिते.

मंगळवारी किराणा दुकानात आर्लीन व्हॉस भेटली. क्रुपिकाच्या खटल्यात ती ज्यूरीत होती. म्हणाली, "जजबाई, तेव्हा निकाल लागेना म्हणून तुम्ही आम्हाला रविवारपर्यंत कोंडणार होतात ना? बरं झालं, ऑर्व्हिलनं आधीच सांगितलं."

"मी असं कधीच म्हटलं नव्हतं."

"काय सांगता! मग क्रुपिकानं पूर्वीही एकदा आग लावली होती, हा निरोपसुद्धा तुमचा नव्हता?"

ऑर्व्हिल, ती जुनी आग ज्यूरीच्या कानी जाऊ नये, असा हुकूम मी माझ्या खोलीत दिला होता. आत दोन वकील, लघुलेखिका आणि मी. दाराशी तुम्ही. ज्यूरीला जेवण नेणारेही तुम्हीच, आणि त्यांच्याशी खटल्याबद्दल अवाक्षरही न बोलण्याची शपथ घेतलेलेही तुम्हीच. आर्लीन सांगते, जेवणापूर्वी तिघं त्याला दोषी म्हणायला तयार नव्हती. जेवणानंतर वीस मिनिटांत बाराही जणांचं एकमत झालं: कोठार त्यानंच जाळलं, आतला मजूर त्याच्यामुळेच मेला.

मी फोन केला, तर तुम्ही हसलात. "बाईसाहेब, म्हातारपणी कसली भानगड उकरताय? न्याय झाला ना?" नाही म्हणाला नाहीत. तेव्हापासून एकेक जुना खटला आठवते आणि त्यात तुमचा हात शोधते. बावीस वर्षं डोळे मिटून विश्वास टाकला तुमच्यावर.

डोळे मिटून, आणि तेही जाणूनबुजून. त्या दुपारी मी तुम्हाला पाहिलं होतं. ज्यूरीच्या खोलीत रिकामा ट्रे काखेत धरून तुम्ही बोलत होतात. चांगली दहा मिनिटं. तिथंच तुम्हाला बोलावून, शपथ देऊन विचारायला हवं होतं. पण मला जजच्या खुर्चीवर ठेवायचं की नाही, याचं लोकांचं मतदान बारा दिवसांवर आलं होतं आणि सगळ्या काउंटीला क्रुपिका दोषी हवा होता. मी परत फिरले.

त्यानं खरंच आग लावली का, ते मला आजही माहीत नाही. तो अकरा वर्षं तुरुंगात आहे. या वसंतात त्याची आई वारली.

आज सकाळी दोन्ही वकिलांना सगळं लेखी कळवलं, तुमचं आणि माझंही. राजीनामाही पाठवला. तुम्हाला साक्षीला बोलावतील. तेव्हा हसू नका.

तुमच्याविरुद्ध आणि माझ्याही विरुद्ध साक्षीदार,
मार्गरेट हॅग्लंड