बुटकीच्या काड्या

प्रिय आक्का,

काल तुझा तेरावा झाला. आज लिहायला बसलोय, कारण घरात कोणाचं तोंड पाहावंसं वाटत नाही. माझं स्वतःचंसुद्धा. नुसती किळस आलीय.

तुला नेताना सगळ्यांत मोठा गळा आपल्या काकूनं काढला. "माझी गुणाची पोर गं!" हीच ना ती, जी तुझ्या हातचा मोगरा गजऱ्यात घेत नसे? विधवेचा हात लागला म्हणून फेकून द्यायची! म्हणूनच तर तू बुटकी लावलीस.

धारूरला साहेबाच्या बंगल्यावरून मी ती फांदी आणली होती, आठवतं? तिथला माळी तिला हायड्रेंजिया म्हणाला. तुझी जीभ काही वळेना. झाड गुडघ्याच्या वर जाईना, म्हणून तू नाव ठेवलंस बुटकी. परसातल्या विहिरीच्या भिंतीआड लावलीस, तांदळाचं धुवण घालायचीस, उन्हाळ्यात पानांनी मान टाकली की ओलं गोणपाट धरून बसायचीस. आणि गुच्छ आले ते केवढे! गुलाबी, ओंजळीत न मावणारे. वास नाही, म्हणून कोणी मागेना. साऱ्या घरात तेवढंच एक फूल तुझं होतं.

एकदा तू विचारलंस, "नारू, देवाला चालंल का रे हे?" मी हसलो. "वास न्हाई त्याला, देव काय करील त्याचं?" तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. शी! काय बोलून गेलो मी!

वाळलेले गुच्छ थंडीभर झाडावरच ठेवायचे, त्यांच्या खाली काडीवर जे कोंबाचे डोळे असतात त्यांत पुढची फुलं असतात, हे तू दहादा सांगितलंस. काल पंगती उठल्यावर पाहतो, तर बुटकी बुंध्यापर्यंत छाटलेली! काकू हात धूत म्हणाली, "वाळकं निर्माल्य लई अवलक्षणी दिसतंय. सुतक फिटलं, काडून टाकलं समदं." आणि लगेच वरणात मीठ कमी होतं म्हणून कुरकुरली.

मी गप्प बसलो, आक्का. तू होतीस तेव्हा बसायचो तसाच. सगळ्यांत जास्त शिसारी येते ती याची.

मग उकिरड्यात हात घातला. उष्ट्या पत्रावळींखालून सात काड्या निघाल्या. धुऊन विहिरीपाशी खोचल्यात.

शब्द देतो तुला. एक जरी जगली, तरी पहिला गुच्छ मी काकूच्या देखत देवघरात ठेवीन. आणि विचारलंच कोणी, तर मोठ्यानं सांगीन: "आमच्या आक्काचं हाय. देवाला चालतंय."

तुझा धाकटा,
नारू