बाकावरचे तीन दिवस

४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, नाहीतर म्हणशील की याचं आपलं स्वतःचंच पुराण सुरू. नवी काठी वापरतेस, की ती दाराआड उभी करून भिंतीला धरून चालतेस? दुसरंच खरं असणार. माझं विचारशील तर डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, वर्तमानपत्रांनी नाव छापणं बंद केलंय, तरीही मी ठणठणीत आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही असं तू म्हणतेस. ते खरं आहे का, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. पत्र बरं.

बातमी अशी की माझ्या आठवणींचं पुस्तक शेवटी होतंय. रोज सकाळी दहा वाजता टायपिस्ट बाई येतात, मी खिडकीपाशी येरझाऱ्या घालत सांगतो आणि त्या टकाटक उतरवून घेतात. पंतप्रधान असताना भाषणं दुसरे लिहायचे आणि मी वाचायचो. आता मी बोलतो आणि लिहिणारं माणूस मान वर करून बघतसुद्धा नाही. धरणं झाली, वीज झाली, शाळा झाल्या. तेरा प्रकरणं हातावेगळी केली. मोठ्या बोगद्याचं चौदावं चालू आहे. देशाचे दोन तुकडे ज्यानं जोडले तो बोगदा, त्यामुळे टाळता येत नाही.

त्यात दाजींचा किस्सा घेतलाय. तुला तो पाठ असेल, तरी मजकूर जसाच्या तसा पाठवतो. बघून घे:

‘मी नातेवाइकांना रांग सोडून कधी भेटलो नाही. बोगद्याचे मुख्य अभियंता हे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान. उद्घाटनाला महिना उरला असताना ते मला भेटायला आले. मी शिपायाला सांगितले, इतरांसारखे बसू दे. ते तीन दिवस माझ्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांनी तक्रार केली नाही आणि मी नियम मोडला नाही.’

हा किस्सा मी किती सभांतून सांगितला असेल याची गणती नाही. प्रत्येक वेळी टाळ्या. शाळेच्या पुस्तकात धडासुद्धा झाला होता, तुला आठवत असेल. निरोप देताना कार्यालयानं मला तोच बाक भेट दिला, पितळी पट्टी ठोकून. अभ्यासिकेबाहेरच्या बोळात ठेवलाय. त्यावर हल्ली फक्त धोब्याचं गाठोडं बसतं.

प्रकाशकाला दाजींचा चांगला फोटो हवाय. तुझ्याकडचा तो, डोक्यावर हेल्मेट आणि बगलेत नकाशांची गुंडाळी असलेला, पाठवशील का? पुस्तक पंधरा एप्रिलला छापखान्यात जाणार आहे.

दाजींना बसल्या जागी ती गुंडाळी गुडघ्यावर हळूहळू आपटायची सवय होती, नाही का? सहज आठवलं.

भाचीला आशीर्वाद कळव. ती माझा फोन घेत नाही. कामात असेल.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

ती. ताईस,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच ओळी लिहायच्या म्हणजे कंजूषपणाची कमाल झाली. ‘फोटो मिळेल. ते तीन दिवस कशासाठी बसले होते, ते लिहिलंयस का?’

ताई, ते कार्यालयीन काम होतं. कसला तरी कागद होता. इतक्या वर्षांनी नेमकं कसं आठवणार? आणि वाचकाला त्या तपशिलात रस नसतो. किस्सा नियमाचा आहे, कामाचा नाही.

पण योगायोग बघ. तुझं कार्ड आलं त्याच्या आदल्या दिवशी टायपिस्ट बाईंनी तो परिच्छेद टाइप केला, कागद यंत्रातून काढला, नीट केला आणि विचारलं, “सर, पण त्यांचं काम काय होतं?”

मी म्हटलं, “कोणाचं?”

“बाकावरच्या साहेबांचं. तीन दिवस बसले म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असेल ना. नाहीतर माणूस संध्याकाळी घरी बहिणीकडे निरोप ठेवेल.”

“बहिणीकडे नव्हे, बायकोकडे. बहीण माझी,” मी म्हटलं. एवढीच चूक मला काढता आली. एवढ्या वर्षांत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही हे विचारलं नव्हतं. त्या बाई पंचविशीच्या आहेत. बोगदा कोसळला तेव्हा जन्मल्याही नसतील.

मी त्यांना पुढचं सांगायला लागलो आणि वाक्य मध्येच तुटलं. बोळातून आवाज येत होता. टप, टप, मध्ये थोडं थांबून पुन्हा टप. पडद्याची दांडी असेल म्हणून मी उठून पाहिलं. पडदे धुवायला गेले होते. बाकावर कोणी नव्हतं.

असा आवाज मला पाचसहा आठवड्यांपासून येतोय. डॉक्टर म्हणाले कानांचं वय झालं. मी ते मान्य करून टाकलं होतं. पण परवा दुपारी बाई टाइप करता करता थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, बाहेर कोणी थांबलंय का? मघापासून वाट बघतायत.”

मी म्हटलं, “बसू दे.”

ताई, हे शब्द माझ्या तोंडून विचार न करता निघाले. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्या दार उघडून बघून आल्या, म्हणाल्या, “कोणी नाही,” आणि त्या दिवशी अर्धा तास लवकर गेल्या.

असो. म्हातारपणी माणूस हळवा होतो. हा विषय इथेच संपवू. फोटो तेवढा पाठव.

आपला,
(सही)
माजी पंतप्रधान

ता. क. सवयीनं छापील लेटरहेड घेतलं आणि खालचा हुद्दाही लिहून गेलो. राग मानू नकोस.


२ एप्रिल

ताई,

फोटो मिळाला. सोबत चिठ्ठी नव्हती. पाठीमागे दाजींच्या अक्षरात तारीख आहे आणि ‘पूर्वेचे तोंड, पाऊणशे मीटर’ असं लिहिलंय. घरच्या फोटोमागेही मोजमाप लिहिणारा माणूस. तो फोटो टेबलावर उभा करून मी दोन दिवस इकडची तिकडची कामं केली. आज लिहितोय.

ते माझ्याकडे कशासाठी आले होते ते मला ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं.

दाजींनी मला दोन पानांची टिपणी पाठवली होती, फायलीतून, रीतसर. पूर्वेच्या तोंडापासून चारशे मीटर आत छतातून पाणी पाझरतंय, अस्तराला तडे गेलेत, सहा आठवडे काम थांबवून आधार द्यावा लागेल. उद्घाटनाची तारीख तेवढी पुढे ढकलावी, ही विनंती. शेजारच्या चार देशांचे प्रमुख त्या तारखेला यायचे होते. गाडी सजवून तयार होती. निवडणूक दोन महिन्यांवर होती.

सरकारात एक सोय असते. अवघड कागद आला की समासात ‘चर्चा करावी’ असं लिहायचं आणि सही ठोकायची. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि कागद टेबलावरून गेला. ज्यानं लिहिलं त्यानं मग चर्चेला यायचं. वेळ मात्र आपण द्यायची असते. मी दाजींच्या टिपणीवर ‘चर्चा करावी’ लिहिलं.

म्हणून ते आले, ताई. नातेवाईक म्हणून आलेच नव्हते. मीच बोलावलं होतं.

पहिल्या दिवशी शिपायानं चिठ्ठी आत आणून दिली. नाव, कोणाला भेटायचंय, काम. कामापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘पाच मिनिटे’. मी त्यांना आत घेतलं असतं तर ते पाच मिनिटांत मला पटवून देऊन गेले असते. आकडे घेऊन आलेल्या दाजींपुढे माझं कधी चाललंय? म्हणून मी त्यांना बसवून ठेवलं. बाहेर वर्तमानपत्रांचे लोक असायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानावर फोटो आला, बाकावर दाजी, गुडघ्यावर नकाशांची गुंडाळी. वर मथळा, ‘पंतप्रधानांचे मेहुणेही रांगेत’. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. आता तिसऱ्या दिवशी त्यांना आत घेतो कसा? तिसऱ्या दिवशी मी दालनातून निघालो तो मागच्या दारानं. निघताना त्यांचा आवाज कानावर आला. शिपायाला म्हणत होते, “साहेबांना सांगा, मी उद्यापासून तिकडेच असेन, आत. बाहेरून मजुरांना पाठवणं मला जमायचं नाही.”

हे वाक्य मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. तू हे ऐकायला हवं होतंस. तुझ्या नवऱ्याचा माझ्यासाठीचा शेवटचा निरोप मी सत्तावीस वर्षं स्वतःजवळ दडवून ठेवला.

पुढचं तुला माहीत आहे. उद्घाटनाला अकरा दिवस होते. एक्केचाळीस मजूर आणि दाजी.

जे माहीत नाही ते असं. चौकशी नेमण्याआधी मी ती फाइल मागवून घेतली. दोरी सोडली, ती दोन पानं काढली, दोरी पुन्हा बांधली. पानांवर आकडे घातलेले असतात. पुढच्या पानांचे आकडे नंतर कोणीतरी बदलले. कोणी, ते मी विचारलं नाही आणि त्या माणसाला बढती मिळाली. चौकशीचा निष्कर्ष तुझ्या घरी टपालानं आला होता: मुख्य अभियंत्याने धोक्याची लेखी सूचना दिली नाही.

बोगद्याच्या तोंडाशी दगड बसवला, त्याच्यावरचा पडदा मीच ओढला. एक्केचाळीस नावं. तू पहिल्या रांगेत बसली होतीस. नावं वरून खाली वाचलीस, मग खालून वर. मला वाटलं आता रडशील. तू नुसती उठलीस आणि भाचीचा हात धरून उन्हातून चालत बसपर्यंत गेलीस. माझी गाडी उभी होती. त्या पोरीला वर्गात काय काय ऐकून घ्यावं लागलं, तिनं वडिलांचं आडनाव का टाकलं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मला इतरांकडून कळलं.

त्या आठवड्यात तू मला एकदाच विचारलं होतंस. स्वयंपाकघरात उभी होतीस, हातात पाण्याचा तांब्या. “तुला भेटले का रे ते?” मी म्हणालो, “नाही गं, भेट झालीच नाही.” ते अक्षरशः खरं होतं. खरं बोलून खोटं सांगायची विद्या मला चांगली साधली होती. पण ती तुझ्यावर वापरली याची लाज मला आज वाटते. आई गेल्यावर तू मला लहानाचं मोठं केलंस. खोटं बोललो की तुला माझ्या कानांवरून कळायचं. त्या दिवशी तू माझ्या कानांकडे बघितलंस आणि तांब्या खाली ठेवलास. तुला तेव्हाच कळलं होतं, होय ना? आणि तुला फोनवर चांगलं ऐकू येतं.

काल मी चौदावं प्रकरण पुन्हा सांगितलं. सगळं, समासातल्या सहीसकट. टायपिस्ट बाईंचे हात एका जागी थांबले. “सर, हे असंच ठेवायचं?” मी म्हटलं, “असंच.” प्रकाशकाचा आज फोन आला. म्हणाला, विचार करा, तुमच्या नावाचं विमानतळ आहे, तुमचा धडा आहे. त्याला कालच पाठवलंय, बघू तो काय करतो. मला त्याचा भरवसा नाही आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही नाही. पंधरा तारखेपर्यंत मला चार शहाणे भेटतील आणि मी त्यांचं ऐकेन. जन्मभर तेच केलंय.

म्हणून दाजींची ती दोन पानं या पाकिटात घालतोय. मूळ पानं. मी प्रत ठेवलेली नाही. माझं मन फिरलं तरी आता उपयोग नाही. ती वर्तमानपत्राला दे, कोर्टात दे, दगडावर नाव कोरून घेण्यासाठी दे, भाचीला दे. आधी भाचीला दाखवावीस असं मला वाटतं. वडिलांचं अक्षर ती ओळखेल.

हे सगळं सांगून टाकल्यावर बोळातला आवाज थांबेल अशी माझी समजूत होती. थांबला नाही. आजही दुपारी आला. मी दार उघडलं, म्हटलं, “या, दाजी.” आवाज बंद झाला, आणि मी बराच वेळ दार धरून उभा राहिलो. आत कोणी आलं नाही. सत्तावीस वर्षं उशिरा बोलावल्यावर कोण येतं?

मग मी त्या बाकावर जाऊन बसलो. इतकी वर्षं तो माझ्या दारात आहे, पण मी त्यावर कधी बसलो नव्हतो. पाठ टेकता येत नाही, पट्ट्या मांडीला रुततात. समोर फक्त बंद दार दिसतं. तासाभरात कंबर धरली. ते तीन दिवस बसले.

हे पत्र तिथेच बसून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळे.

येत्या सोमवारी सकाळी तुझ्याकडे येतो. गाडी, माणसं, कोणी बरोबर नसेल. बेल वाजवणार नाही. बाहेर पायरीवर बसेन. तू दार उघडलं नाहीस तर संध्याकाळी परत जाईन आणि मंगळवारी येईन, बुधवारी येईन. शेजारी बघतील, बघू देत. चिठ्ठी इथेच लिहून ठेवतो.

नाव: तुझा धाकटा
कोणाला भेटायचंय: ताईला
काम: पाच मिनिटे