शोकेसमधलं वर्ष

१० जून, सकाळी
आजपासून गॅप इयर. विद्यापीठात सीट मिळालीय, पण ती वर्षभर राखून ठेवायला लावली. नुसतं शाळेत बसून जग कळत नाही. ठरलं: सायकलवर एक अख्खा खंड पालथा घालायचा. नवी भाषा शिकायची. रोज पहाटे उठायचं.
(हे लिहीपर्यंत साडेअकरा झाले. पहाट उद्यापासून.)

१० जून, जेवणानंतर
बाबा म्हणाले, हवं ते कर, माझ्या पैशांवर नको. आई म्हणाली, पुढच्या ३१ मेपर्यंत स्वतः जाऊन सही केली नाहीस तर सीट दुसऱ्याला जाईल. अख्खं वर्ष आहे! या घरात उगाच घाई.
धाकटी म्हणाली, म्हणजे पुढच्या वर्षी आपण एकाच वर्गात! ती माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान, हे लक्षातच आलं नव्हतं. असो. तोवर मी जग बघून आलेला असेन. दादा तो दादाच.

२ जुलै
शेजारच्या काकांची जुनी सायकल आणली. सराव म्हणून बेकरीपर्यंत गेलो. वाटेत चढ आहे. येताना हातात धरून आणली. आधी वाहनाची ओळख व्हावी लागते.

१९ जुलै
सायकलवर आईचे टॉवेल वाळतायत. मोहिमेच्या खर्चासाठी मामाच्या गाद्यांच्या दुकानात नोकरी धरली. कव्हरं झटकायची, गिऱ्हाइकाला स्प्रिंग आणि फोममधला फरक सांगायचा. दोन आठवडे फक्त. मग निघालोच.

२२ जुलै
शोकेसमधली डबल गादी सरळ करायला काचेच्या आत शिरलो. माल समजून घ्यावा म्हणून जरा पडलो. जाग आली तर बाहेर ही गर्दी! मामा लालबुंद. तेवढ्यात एक बाई आत येऊन म्हणाल्या, त्या मुलाला लागलीय तशी झोप लागणारी गादी द्या. मामाचा राग पळाला.

२३ जुलै
बढती! मामाने पट्ट्यापट्ट्यांचा नाइटसूट दिला. बारा ते चार शोकेसमध्ये झोपायचं, चारला तो उठवणार. अट एकच: रस्त्यावरची कार्टी काच बडवतात, काही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. उघडले की गादी बदनाम. मामाला म्हटलं, माझ्यावर सोड.

१५ ऑक्टोबर
भाषेचं पुस्तक उशीखाली ठेवतो. झोपेतही मेंदू शिकतो म्हणे. अजून एकही शब्द आलेला नाही, पण मान अवघडलीय, म्हणजे काहीतरी चाललंय.
खंड मार्चमध्ये. थंडीत निघणं बेजबाबदारपणा.

८ फेब्रुवारी
मामा म्हणतो, तू घोरतोस, पण काच जाड आहे, बाहेरचं आत नाही आणि आतलं बाहेर नाही. गादीला माझ्या आकाराचा खड्डा पडलाय. माणसाने कुठेतरी ठसा उमटवावा.

१२ मे
धाकटीला प्रवेश मिळाला. माझ्याच वर्गात. तेव्हापासून उठता-बसता सहीची आठवण करते. मी म्हटलं, अनुभवी माणसाला आठवण लागत नाही. ती म्हणाली, कसला अनुभव? मी विषय बदलला.

३० मे
प्लॅन चोख. चारला ड्यूटी संपते, ऑफिस पाचपर्यंत, अंतर दोन चौक. धाकटी म्हणाली, सकाळीच जा ना रे. मी म्हटलं, सकाळ ही झोपेच्या तयारीची वेळ.

३१ मे, संध्याकाळी साडेसहा
गाद्यांचा ट्रक आला म्हणून मामा पुढच्या दाराला कडी घालून मागच्या गोदामात गेला आणि मला विसरला. आत्ता उठलो.
झोपेत मध्येच काच हादरत होती. बराच वेळ. बहुतेक चपलेनेही. मी मुळीच डोळे उघडले नाहीत. अशी निष्ठा हल्ली कुठे दिसते?
साडेसहा?

३१ मे, नंतर
काच धाकटी बडवत होती. दादा, दादा म्हणून ओरडत होती. आवाज बसलाय तिचा. घरी येऊन रडली, माझ्यासाठी. मला फार वाईट वाटलं. मग म्हटलं, एक गॅप इयर कुणीही घेतं, दोन घेणारे किती? घरात कुणी हसलं नाही.
झोप येत नाहीये. घरची गादी भिकार आहे.

३ जुलै
विद्यापीठ सुरू झालं. दुपारी ड्यूटीवर असताना काच वाजली. या वेळी ताबडतोब डोळे उघडले. धाकटी. सोबत दोन नव्या मैत्रिणी. सगळ्या आत आल्या. एकीने विचारलं, हा कोण? धाकटी म्हणाली, माझा भाऊ, पुढच्या वर्षी येतोय, आपला ज्युनियर. मैत्रीण म्हणाली, मग आत्तापासूनच ताई म्हणायची सवय लाव रे.
धाकटीने माझं पांघरूण नीट केलं, उशीखालचं पुस्तक काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, झोप हं आता.
मी म्हणालो, बरं, ताई.
झोपेत बोललेलं धरत नाहीत.