तिचा बाप काय म्हणतो

सोमवार, १८ ऑगस्ट. सकाळी छत्री घरी विसरले, पण अर्ध्या वाटेवरून परत आले नाही. दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे अर्ज तपासले. दुपारी डबा खाल्ला. घरी येऊन आमटी-भात केला, गॅस पुसला. साडेसातच्या सुमारास पुस्तक संपलं.

बाबा, तुम्ही माझ्यासाठी आणलेलं ते इंग्रजी पुस्तक. तुम्ही ते आणलंत तेव्हा मी अकरावीत होते, आता तेहतीस वर्षांची आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. आई दादाकडे डोंबिवलीला असते. घरात मी एकटीच आहे, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तेव्हा फोन होते.

नऊ महिने बोटीच्या इंजिनात आणि तीन महिने घरी, असं तुमचं वर्ष असायचं. घरी आलात की पहिले आठ-दहा दिवस तुम्ही पाहुण्यासारखे वागायचात. पाणीसुद्धा मागून घ्यायचात. आपण दोघं समोरासमोर आलो की तुम्ही म्हणायचात, "जेवलीस?" आणि मी "हो" म्हणायचे. मग तुम्ही मान हलवायचात आणि मी आत जायचे. मला वाटायचं, तुम्हाला बोलायला आवडत नाही. एकदाच तुम्ही मला ओरडलात. मागच्या पायरीवर तुम्ही सुरमई कापायला बसला होता आणि मी म्हटलं, ताजी आहे. तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "कल्ला उघडून बघितलास?" मी म्हटलं, नाही, मासेवाली म्हणाली. "मग तिला बोलू दे. आपण बघितलं नाय ते आपण सांगू नये." एवढंच. पण मला ते लागलं, कारण तुम्ही मला कधी काही बोलायचाच नाहीत.

पुस्तकाचा दिवस आठवतो. माजघरात तुमची बॅग उघडलेली आहे. साबण, चॉकलेटं, दादासाठी घड्याळ, आईसाठी जाड ब्लँकेट, जे आपल्या हवेत कोणी कधीच पांघरलं नाही. सगळ्यात शेवटी टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक निघतं. तुम्ही म्हणता, "बंदरावरच्या दुकानातल्या पोरीला विचारलं, सोळा वर्षांच्या मुली सध्या काय वाचतात. तिनं हे काढून दिलं." आई कव्हराकडे बघते. "भुताचं नाय ना हे?"

"पिशाच्च आहे म्हणाली. पण चांगल्या घरातलं आहे."

दादा पोट धरून हसतो. तुम्हीही थोडं हसता. मग पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणता, "वाच. मी बोटीवर गेलो की फोनवर सांग मला काय काय होतं ते."

मी मराठी शाळेतली. पहिल्या पानावर मला सव्वीस शब्द अडले, पेन्सिलने खुणा केल्या होत्या त्या आज मोजल्या. दुसऱ्या पानावर एकही खूण नाही, कारण दुसरं पान मी उघडलंच नाही. पुस्तक काचेच्या कपाटात ठेवलं. तुम्ही बोटीवर गेलात.

दिवाळीत मी लांज्याला मावशीकडे गेले होते. मावसबहिणीने त्याच गोष्टीचा पिक्चर आणला होता, हिंदीत डब केलेला. आम्ही दोघी पलंगावर आणि मावशी खाली काजू सोलत बसलेली. नव्या गावात राहायला आलेली मुलगी, शाळेतला गोरा मुलगा, आणि तो माणूस नाही, रक्त पिणारा आहे, पण हिच्यावर जीव जडलेला. मावशी मध्येच मान वर करून म्हणाली, "हा पोरगा जेवत नाय काय गो? कसा पांढराफटक पडलाय."

"आई, तो रक्त पितो."

"मग अंगाला का लागत नाय?"

दोन तासांत गोष्ट संपली. मला फार आवडली. परत येताना एसटीत मी विचार केला की आता पुस्तक वाचायची गरज नाही, मला सगळं माहीत आहे.

तुमचा फोन महिन्यातून एकदा-दोनदा यायचा, बोट बंदराला लागली की. "कुठवर आलीस?" तुम्ही विचारायचात. मी पिक्चरचे तुकडे केले होते. एका फोनला एक तुकडा. कधी पान साठ म्हणायचे, कधी पान एकशे दहा. तुम्ही मध्ये बोलायचा नाहीत, फक्त श्वासाचा आवाज यायचा. एखादं काही सांगितलं की म्हणायचात, "असं होय? मला तसं वाटलं नव्हतं." मला ते गमतीचं वाटायचं, की तुम्हाला काय वाटायचंय, तुम्ही कुठे वाचलंय.

मग तो फोन. तुम्ही विचारलंत, "आणि तिचा बाप? तिचा बाप काय म्हणतो?"

मी आठवायला लागले. पिक्चरमध्ये बाप होता. दोन-तीनदा दार उघडून आत आला होता. पण त्या वेळी आम्ही मावशीला काहीतरी समजावत होतो किंवा चिवडा खात होतो. मी म्हटलं, "बापाचं काय नाय विशेष. तो असतो आपला घरात."

तुम्ही म्हणालात, "बरं. आईला दे फोन."

त्यानंतर तुम्ही पुस्तकाबद्दल विचारलं नाहीत. मला हायसं वाटलं, कारण माझे तुकडेही संपत आले होते.

मे महिन्यात तुम्ही घरी आलात. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तुम्ही काचेचं कपाट उघडता. पुस्तक काढता, उघडता. नवं पुस्तक मधूनच उघडलं की कड्कन आवाज होतो, तसा होतो. तुम्ही पहिल्या पानावरच्या खुणा बघता, मग दुसरं पान, मग शेवटची काही पानं अंगठ्याखालून सोडता. मग बंद करून, होतं तसंच, परत ठेवता. मी उभी आहे हे तुम्हाला कळतं. तुम्ही म्हणता, "नीट ठेवलंयस."

मी "हो" म्हटलं. तुम्ही अंगणात गेलात. मला वाटलं, तुम्ही कौतुक केलंत.

अडीच महिन्यांनी तुम्ही गेलात. झोपेत. पुढच्या बोटीचे कागद टेबलावर तयार होते.

हे सगळं मी विसरले होते असं नाही, पण त्यात काही आहे असं वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी पावस गावचे काका आले, तुमच्या शेवटच्या बोटीवरचे आचारी. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. मी चहा केला. ते तुमच्या फोटोकडे बघत म्हणाले, "आमी लय हसायचो गो तुझ्या बापसाला."

"का?"

"अगो, पन्नाशीतला माणूस. इंजिनातनं काळाकुट्ट होऊन वर यायचा, आंघोळ करायचा नि मेसमध्ये बसून पोरींचं पुस्तक वाचायचा. ते रक्तपित्याचं. एका फिलिपिनो पोरानं फळीवर ठेवलेलं. बाजूला ही एवढी डिक्शनरी. एका पानाला त्याला दोन कप चहा लागायचा, आणि तो मलाच करायला लागायचा."

ते पुढे सांगत होते. एका शनिवारी मेसमध्ये त्याच गोष्टीचा पिक्चर लावला. सगळे बसले आणि तुम्ही उठलात. "मी म्हटलं, अरे बस की, दोन तासांत सगळं कळेल, डोळे तरी वाचतील. तर म्हणतो कसा, नको. पोरगी तिकडं वाचतेय. मी पिक्चर बघून बोललो तर तिला कळेल. आणि गेला डेकवर." काकांनी बशीत चहा ओतला. "घरी फोन लावला की जेवलीस काय विचारून झालं, की पुढं सुचत नाय म्हणायचा. आता विषय मिळालाय म्हणायचा."

ते गेल्यावर मी कप धुतले. मग कपाट उघडलं.

तीन आठवडे लागले. मोबाईलवर अर्थ बघत वाचलं, ऑफिसातून आल्यावर रोज वीस-पंचवीस पानं. आता इंग्रजी तेवढं अडत नाही. तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर आता देता येईल. बाप पुष्कळ आहे, बाबा. मुलगी त्याच्याकडे राहायला येते तेव्हा दोघांनाही एकमेकांची सवय नसते. तो कामावरून येतो, बूट दारात काढतो. ती वाढते, दोघं जेवतात. त्याला काहीतरी विचारायचं असतं आणि तो हवेबद्दल बोलतो. ती त्याला खोटं सांगते, तो ऐकून घेतो. काही ठिकाणी त्याला कळलेलं असतं असं वाटतं, पण लिहिलेलं नाही. एवढा बाप असलेल्या पुस्तकाबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं की बापाचं काही विशेष नाही. तेव्हा तुम्ही कितव्या पानावर होतात, मला माहीत नाही.

आधी पिक्चर बघितल्यामुळे एक झालं. पुस्तकातली सगळी माणसं मला पिक्चरमधल्याच तोंडांची दिसली. ती मुलगी, तो मुलगा, शाळेतली पोरं. फक्त बापाचं तोंड मला आठवेना, कारण मी ते बघितलंच नव्हतं. मग तिथे तुम्ही आलात. बनियन, खांद्यावर टॉवेल. मी मुद्दाम आणलं नाही. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. पान उलटत राहिले.

एक राहिलं. काका उठताना दारात म्हणाले होते, "बापूस सांगायचा हां आमाला. माझी पोरगी मराठी शाळेतली, पण माझ्या पुढं आहे, कधीच वाचून काढलंन. खरंच काय गो, वाचलंवतंस तू तेव्हा?" मी त्यांना म्हटलं, "हो काका."

पत्र लिहून झालं. घडी घालून मी ते गॅसच्या कार्डाच्या पिशवीत ठेवते आहे. उद्याच्या डब्यासाठी चवळी निवडली, दोनदा धुतली, अर्धी वाटीच, आणि पाण्यात भिजत घालून वर ताटली ठेवली.