इन्स्टॉल लावलं की चहा

मंगळवार, संध्याकाळ. जे. पी. नगर.

प्रवीणचं बोलणं डोक्यातून जातच नाहीये. माझ्या टीममधला, बेळगावचा. सकाळी कॉलवर त्यानं माझी स्क्रीन पाहिली. ब्राउझरमधल्या क्लाउड कन्सोलवर मी कामाला लागणारी सॉफ्टवेअर पॅकेजेस इन्स्टॉल करत होते. आमचा कन्सोल बंद केला की ती पुसली जातात, म्हणून रोज नव्यानं. तो म्हणाला, "अक्का, रोज हातानं कशाला करतासा? स्क्रिप्टमध्ये घाला की, आपोआप होतंय."

मला काय ते येत नाही?

पूर्वी शिवाजीनगरच्या खोलीत माझी रूममेट मीनल आणि मी एकच लॅपटॉप वापरायचो. नेट इतकं रडकं की एक पॅकेज उतरेपर्यंत चहा उकळून, पिऊन व्हायचा. नियमच होता, जी इन्स्टॉल लावेल तिनं चहा करायचा. मध्येच नेट गेलं की मीनल खूश! "चल, पुन्हा मांड चहा!"

आता ती नागपुरात. फोन फक्त वाढदिवसाला. हल्ली पाणी तापायच्या आत सगळं इन्स्टॉल होतं. तरी कमांड दिली की मी उठतेच, गॅस पेटवते. सवय? की दुसरंच काही?

प्रवीणला म्हटलं, बघते. नाही बघणार. उद्या कमांड देईन आणि मीनलला फोन लावेन. म्हणेन, मांड चहा.