दोन कोरी वर्तुळं

सोमवार, ३ तारीख
नात आली! थेट माझ्या खाटेवर, कागद-पेन्सिल घेऊन. "आजी, तुझ्या माहेरची माणसं सांग." इतक्या वर्षांत मला कोणी माहेराचं विचारलं नव्हतं! मी सुरूच झाले — थोरल्या मामाची सायकल, ती विहिरीत कशी पडली...
"सायकल राहू दे गं. कोण कशानं गेलं?"
तिच्या छातीत गाठ आली होती ना. साधी निघाली, पण डॉक्टरीणबाईंना घराण्याची माहिती हवीय. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ. कॅन्सर झाला असेल तर काळं करायचं.
आई? तापानं. धाकटी बहीण? काविळीनं.
दोन्ही वर्तुळं कोरी राहिली.

मंगळवार
ताप कसला! दोघींना छातीचंच. आई गेली तेव्हाच वडिलांनी बजावलं होतं — बाहेर कळलं तर तुला कोणी सून करून घेणार नाही. मग तेच तोंडात बसलं, पुढे बहीण गेली तेव्हाही. मला मुलगा झाला तेव्हा कोण आनंद! म्हटलं, बायकांचं दुखणं, माझ्यापाशीच संपलं.

शुक्रवार
घराण्यात काही नाही, पुढची तपासणी नको — डॉक्टरीणबाईंनी सांगितलं! मुलानं केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले, साखर गेली खड्ड्यात. नात म्हणाली, "बाबांकडूनही येतं हे, म्हणून तर तुझं माहेर विचारलं."
तिसरा तुकडा तसाच ठेवला.

शनिवार
बहीण गेली तेव्हा एकतीसची होती. नात सत्तावीसची.

रविवार
कागद मागून घेतला. दोन्ही वर्तुळं मीच काळी केली. पेन्सिल दाबून दाबून.
मुलगा ओरडला, "आई, पन्नास वर्षं खोटं बोललीस? आमच्याशी?"  मी कागद नातीपुढे सरकवला.
तिनं तो निरखून पाहिला. मग म्हणाली, "रेघेबाहेर गेलीस, आजी." हसायला आलं मेलं. दोघी हसलो, मग दोघी रडलो.

बुधवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आजींचं रक्त तपासू, घराण्यातून उतरणारा दोष आहे का ते कळेल. रक्त घेणाऱ्या मुलीनं नळीवर माझं नाव लिहिलं — झोकदार अक्षर होतं तिचं! चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर कळतं मला.

२८ तारीख
माझ्यात आहे तो दोष. चौऱ्याहत्तर वर्षं आहे आणि मला काही झालं नाही!
नात म्हणाली, "चला, काय शोधायचं ते तरी कळलं." उद्या तिचं आणि मुलाचं रक्त. मुलगा अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण सकाळी विचारून गेला — "आई, तू येशील ना?"