भगवानकाकांचं पिस्तूल आणि माझा सर्व्हे

२ फेब्रुवारी, रविवार, दुपार
आज अख्ख्या चाळीसमोर इज्जत काढली. दर्शनाच्या बाबांनी, म्हणजे भगवानकाकांनी. माजी सैनिक, आता डोंबिवलीत सोनाराच्या दुकानात बंदोबस्ताला. कमरेला लायसन्सचं पिस्तूल. मी दर्शनाशी लग्नाचं विचारायला गेलेलो. म्हणाले, रत्नदीप, लायसन्स देताना माझी पोलिसांनी चौकशी केलीय, तुझी कोणी केलीय? आधी एका जागी टिक, मग बोल.
बदला घेणार. गुन्हे सिद्ध होतात ते पिस्तूलवाल्यांवरच जास्त, हे आकड्यांनी प्रूव्ह करणार. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की सगळ्यांसमोर वाचणार.

३ फेब्रुवारी
उद्यापासून सहाला उठायचं.

४ फेब्रुवारी
साडेदहाला उठलो. ठाण्याला पोलिसांच्या ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकायला निघालो. खोपटला उतरलो. टेंभी नाक्यावर ट्रॅफिकवाले टोइंगची गाडी घेऊन आलेले. एक बाई आपल्या स्कूटरवरून उतरेना. तासभर बघितलं. बाईच जिंकली. ऑफिसला पोचलो तर जेवणाची सुट्टी. परत आलो. भगवानकाकांचे दिवस भरलेत.

६ फेब्रुवारी
अर्ज दिला. खिडकीवरचा क्लार्क विचारतो, कुठल्या वर्षाचं? नुसती केस झालेले की शिक्षा झालेले? मी म्हणालो, सगळे. तो म्हणाला, उत्तर तीस दिवसांत. बदला तीस दिवस थांबत नसतो साहेब, असं मनात म्हणालो. स्वतःच सर्व्हे करणार.
परत येताना कल्याणला घाईत रूळ ओलांडले. पोलिसाने धरलं, रेल्वे कोर्टात उभं केलं. गुन्हा कबूल आहे लिहून सही केलीस तर लगेच सुटशील म्हणाले. केली. दंड भरला, सुटलो. अर्धा दिवस फुकट. पण खरे गुन्हेगार जवळून बघायला मिळाले, हा फायदा.

८ फेब्रुवारी
सर्व्हे कम्प्लीट. लायसन्सवाले चार: काका आणि त्यांचे तीन गार्ड दोस्त. गुन्हा सिद्ध, शून्य. (दोस्तांना काकांनीच विचारलं. काकांवर माझा भरवसा नाही.) बिनलायसन्सवाले, आमची चाळ, छत्तीस मोठी माणसं. शून्य. शेजारच्या शांताबाईंनी तर विचारल्यावर पायातली चप्पल दाखवली. मॅच ड्रॉ. ड्रॉमध्ये चॅलेंज देणारा जिंकतो.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
दर्शनाला वही दाखवली. हसली. म्हणाली, अरे, स्वच्छ माणसालाच लायसन्स देतात. तू चाळलेल्या पिठात खडे शोधतोयस. आणि चार माणसांवर कसली टक्केवारी काढतोस? मग म्हणाली, चाळीत छत्तीस नाहीत, सदतीस आहेत. तू स्वतःला मोजलंच नाहीस. परवा कोर्टात कसली सही केलीस?
मी म्हणालो, ते फक्त रूळ होते.
ती म्हणाली, गुन्हा कबूल केलास म्हणजे सिद्ध झाला. मोबाइलवर भागाकार करून दाखवला. बिनलायसन्सवाले दोन पॉइंट सात टक्के. ते सगळे टक्के मी एकटा.

९ फेब्रुवारी, रविवार
विहारात गेलो नाही. घसा बसलाय. बदल्याची पद्धत बदलणार.

२१ फेब्रुवारी
चान्स आला! काकांचं लायसन्स रिन्यूला आलंय. चौकशीला हवालदार येणार, शेजाऱ्यांना विचारणार, माणूस कसा आहे. मी सांगणार, तापट आहे, भांडकुदळ आहे, चाळीत दहशत आहे. तीनदा आरशासमोर बोलून बघितलं. तिसऱ्यांदा मलाच भीती वाटली.

२३ फेब्रुवारी, सकाळी ११
हवालदार आले. सरळ माझंच नाव घेतलं. काकांनी साक्षीदार म्हणून मलाच लिहून दिलेलं. काका म्हणाले, पोरगा भटका आहे, पण खोटं बोलत नाही. दर्शना दारात उभी. पाठ केलेलं सगळं सोडून दिलं. म्हणालो, काका सरळ माणूस आहेत. सही करायला पेन हातात घेतलं.
हवालदारांनी सहज विचारलं, तुझ्यावर कधी काही केस?
काका माझ्याकडे बघत होते. रूळांचं सांगून टाकलं.
हवालदारांनी पेन काढून घेतलं. म्हणाले, मग तुझी सही नको, उगाच साहेब प्रश्न काढतील. खालच्या इस्त्रीवाल्या विश्रामला बोलाव.
मीच जाऊन बोलावून आणला. त्याचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा होता की हवालदारांनी त्याला आधी खुर्ची दिली, मग तेच पेन.